अंडं गिळणारी पिशवी

हां हां, हात आत घालू नका! मी जादूची पिशवी बोलतेय. माझ्यात अंडं टाकलं की नाहीसं होतं, पिशवी उलटी करा, झटका, पिळा, सापडत नाही. मग जादूगार फुंकर मारतो आणि अंडं हजर! कसं, ते मात्र विचारू नका. जन्मकथा सांगेन, पोटातलं सांगणार नाही.

माझा जन्म क्युबातल्या कामाग्वेय गावी, एवेलिओ केसादाच्या खोलीत झाला. गुपित फुटू नये म्हणून दार लावून त्याने मला स्वतःच शिवलं. टाके असे वाकडे की शिंपिणीने बघितलं असतं तर डोक्याला हात लावला असता. आमच्याकडे अंडी रेशनवर मोजून मिळतात, म्हणून अंड्याची किंमत सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे अंडं गायब झालं की लोक खरोखरच हळहळायचे, आणि परत आलं की टाळ्या एवेलिओला की अंड्याला, हे मला कधीच कळलं नाही.

एवेलिओ मला धुवायला बायकोकडे, मिगदालियाकडे द्यायचा आणि बजावायचा, "आत बघायचं नाही हं!" आता आत न बघता पिशवी धुवायची कशी, हे त्या शहाण्याने कधी सांगितलं नाही.

ओस्नेल नावाचा बस ड्रायव्हर पंधरा वर्षं त्याच्या मागे लागला होता. "मास्तर, हा प्रयोग शिकवा ना. सगळ्या गावात तुम्हालाच येतो."

"म्हणून तर जिवंत आहे तो," एवेलिओ म्हणायचा. "कला जपायची तर तोंड शिवून घ्यावं लागतं."

तोंड शिवलेली पिशवी काय कामाची, असं माझ्या मनात यायचं. पण मला विचारतो कोण?

आणि मग आली जादूगार मंडळाच्या वार्षिक जलशाची ती दुपार. सभागृह खचाखच भरलेलं. एवेलिओने माझ्यात अंडं टाकलं, ऐटीत मला उलटं केलं, आणि फच्! अंडं जमिनीवर.

"अरेरे, अंडं गेलं!" मागून एक बाई कळवळली.

त्याने दुसरं अंडं घेतलं. मला हातात धरलं आणि तसाच उभा राहिला. त्याची बोटं माझ्यावरून फिरत होती, पण त्यांना वाट सापडत नव्हती. महिनाभर तो चष्मा विसरत होता, किल्ली विसरत होता. आज प्रयोगच विसरला. इतकं जपलं, इतकं जपलं, की स्वतःलाही सापडेना. मी आतल्या आत ओरडत होते, पण पिशवीला कुठला आवाज? खरं सांगते, मला रडू आलं.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून मिगदालिया उठली, रंगमंचावर चढली. "आण इकडे, म्हाताऱ्या." आणि तिने सगळा प्रयोग सुरेख करून दाखवला!

सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी. पडद्यामागे एवेलिओ तिच्याकडे बघतच राहिला. "तुला कधीपासून माहीत?"

"पहिल्या धुण्यापासून."

"मग चाळीस वर्षं पहिल्या रांगेत बसून 'अय्या' करत होतीस ते?"

"ते तुझ्यासाठी रे. किती फुलायचास तू!" मग ती पडद्याशी घुटमळणाऱ्या बस ड्रायव्हरकडे वळली. "ओस्नेल, बस इथे. हात पुढे कर."

"अगं, गुपित न फोडण्याची शपथ घेतलीय मी!" एवेलिओ म्हणाला.

"शपथ बघ्यांना न सांगायची आहे. शिकणाऱ्याला सांगू नये असं कुणी म्हटलंय? उद्या आपण दोघं गेलो, की शेजारीण हिच्यातून रताळी आणेल."

रताळी! माझ्या अंगावर काटा आला. एवेलिओच्याही आला असावा, कारण त्याने स्वतःच ओस्नेलसाठी खुर्ची पुढे ओढली.

आता माझा रंग विटलाय, कड झिजलीय, पण शनिवारी पाचसहा जण मला घेऊन शिकतात, आणि एका शिकाऊ पोरीने नव्या कापडाची माझी बहीणही शिवलीय. जादूगारांनो, बघ्यांपासून गुपित जरूर राखा, पण शिकायला आलेल्याला दारातून परत पाठवू नका. आम्हा पिशव्यांना बोलता येत नाही हो. आमच्या वतीने तुम्हीच सांगायचं असतं.

गेल्या रविवारी ओस्नेलने मला चौकातल्या खेळात काढलं. एवेलिओ समोर खुर्चीत होता. आता त्याला त्यातलं काहीच आठवत नाही. अंडं नाहीसं झालं तसा तो उभाच राहिला. परत आलं तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते.

"काय सुंदर जादू आहे!" तो म्हणाला. "पोरा, मला शिकवशील?"

ओस्नेलने मला त्याच्या हातात ठेवलं.

"शिकवतो की, मास्तर. बसा."