साडेचार ते सहा

हनुमंतरावमामांनी ओरत्तनाडूच्या पलीकडे, तांबड्या माळावरच्या आपल्या जमिनीत वाळवंट उभं केलंय. खोटं सांगत नाही. सगळीकडे भात पिकवणारा हा आमचा तंजावूर जिल्हा, आणि मामा लॉऱ्या भरभरून वाळू आणतात, तिचे उंचवटे घालतात, त्यावर पांढरे तंबू ठोकतात आणि म्हणतात, "राजस्थानला एवढ्या लांब कशाला जायचं लोकांनी?" उंटही मागवलाय. अजून पोचायचाय.

हसायला माझं काय जातंय, पण त्या तंबूंवर माझं सगळं अडलं होतं. चेन्नईची एक हॉटेल कंपनी हे रिसॉर्ट चालवायला घेणार होती. माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावरचा फोटो त्यांना आवडला, तर त्यांच्या बाकीच्या हॉटेलांचं कामही मलाच मिळणार होतं. म्हणजे लग्नं बंद. इतकी वर्षं मी लग्नं, मुंजी आणि बारशीच काढतोय. ऐन मंगळसूत्राच्या वेळी कुणीतरी काका कॅमेऱ्यासमोर येऊन उभे राहतात आणि आपण हसून "जरा बाजूला, काका" म्हणायचं. वीट आलाय मला. फोटो रविवारी रात्री पाठवायचा होता, आणि तंबू पुरते उभे राहिले तेच रविवारी दुपारी. हातात एकच संध्याकाळ होती.

चारच्या सुमारास मामा काप्पीचा फ्लास्क घेऊन आले. "गिरीशा, साडेचारला राहुकाळ लागतो. त्याच्या आत एक फोटो काढून ठेव. आरंभ झाला की मग पुढे हवं तेव्हा काढ, दोष नाही."

आमच्याकडे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. रोज दीड तास राहुकाळ, रविवारी साडेचार ते सहा. त्या वेळात नवं काही सुरू करायचं नाही. आधी सुरू केलेलं चालू ठेवलं तर चालतं. माझी आईसुद्धा प्रवासाची पिशवी आधीच शेजारी नेऊन ठेवते आणि मग राहुकाळात खुशाल निघते.

पण माझी अक्कल तेव्हा चरायला गेली होती. चारचं ऊन पांढरंफटक, वाळूवर एक सावली धड नाही. मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "मामा, असल्या उजेडात मी शटर दाबत नसतो."

"बरं," मामा म्हणाले. "मग सहाला."

मला वाटलं, म्हणतायत, म्हणू देत. सूर्य मावळायला साडेसहा होतात. सव्वापाचला ट्रायपॉड लावायला गेलो, तर मामा खुर्ची टाकून तिथंच बसलेले. पांढरी वेष्टी नेसलेले, मांडीवर काठी. "सहाला म्हटलं ना."

आणि पश्चिमेला ढग आले. जमिनीपासून वर चढत जाणारी काळी भिंतच. सूर्य साडेसहापर्यंत टिकणार नव्हता, सहाच्या आतच त्या भिंतीमागे जाणार होता. मी या तंबूपासून त्या तंबूपर्यंत येरझाऱ्या घालायला लागलो. चपलेत वाळू जात होती, ती झटकायचो, पुन्हा चालायचो. चारला एक बटण दाबलं असतं तर काय बिघडलं असतं? लेन्सवरचं झाकणसुद्धा फोटोत आलं असतं तरी आरंभ झाला असता. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटत होती.

मग उजेड बदलला. हवेतली धूळ पिवळी झाली, तंबूंचं कापड आतून दिवा लावल्यासारखं दिसायला लागलं, वाळूच्या प्रत्येक वळीला सावली आली. मामांचं ते हास्यास्पद वाळवंट खरंखुरं वाळवंट झालं होतं. दहा वर्षांत असा उजेड मला दोनदा दिसला असेल, आणि दोन्ही वेळा मी मंगल कार्यालयात ट्यूबलाइटखाली होतो.

"मामा, फक्त एक."

"नाही."

"रात्री काय पाठवू? तुमचंही नुकसान आहे यात."

"असू दे."

माझा तोल गेला. "साडेचार ते सहा सूर्य काय चोरी करायला जातो का? तुमच्या या खुळापायी माझा जन्म लग्नांत जायचा. घड्याळ बघून जगता तुम्ही, दुसऱ्याचं काय होतंय ते दिसत नाही तुम्हाला."

मामा रागावतील असं वाटलं होतं. ते ऑफिसच्या झोपडीकडे बघत राहिले. तिथं दाराशी सरस्वतीमामीचा हार घातलेला फोटो आहे. मामी गेल्या उन्हाळ्यात गेली, हार्ट अटॅकनं. मी त्या दिवशी कुंभकोणमला लग्नात होतो. आम्हाला इतकंच कळलं होतं की इस्पितळात पोचायला उशीर झाला.

"रविवार होता," मामा म्हणाले. "छातीत कळ येते म्हणाली. पाच वाजत होते. मी म्हटलं, सहाला निघू. पहिल्यांदा इस्पितळाची पायरी चढायची, ती राहुकाळात नको."

त्यांनी मांडीवरची काठी वाळूत टेकवली.

"आज तुझ्या फोटोसाठी मोडलं, तर तिच्यासाठी का नाही मोडलं? सांग तू. मी रोज काय सांगू स्वतःला?"

मी त्यांच्या खुर्चीशेजारी वाळूत बसलो. राग कुठल्या कुठे गेला होता आणि त्या जागी नुसती लाज होती. समोर तंबू आणखी सोनेरी होत होते. मी कॅमेरा मांडीवरून उतरवून बाजूला ठेवला. हात त्याच्याकडे ओढत होता, म्हणून तो मांडीखाली दाबून बसलो.

"राहू दे मामा," मी म्हणालो. "मला काही होत नाही. सहालाच काढू."

मामांनी झटकन माझ्याकडे बघितलं.

"तीही हेच म्हणाली होती," ते म्हणाले. "राहू दे, मला काही होत नाही, सहालाच जाऊ. माझ्याकडे बघून हसली. मलाही तेच ऐकायचं होतं."

ढगाची कड सूर्याला लागली. मामा काठीवर जोर देऊन उठले आणि त्यांनी माझा दंड धरला. म्हाताऱ्याच्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"ऊठ. काढ."

"मामा, राहुकाळ अजून..."

"काढ म्हणतो ना. बसू नकोस. ऊठ."

मी उठलो. ट्रायपॉड लावायला वेळ नव्हता, कॅमेरा तसाच हातात घेतला. डोळ्यात पाणी आलेलं, फोकस नीट दिसत नव्हता. वाळू, तंबू, मागं काळी भिंत आणि तिच्या कडेवर अर्धा सूर्य. बोट शटरवर गेलं आणि तेवढ्यात मामा चालत चालत मधोमध आले. फोटोत माणूस नको, असं कंपनीनं बजावलं होतं, मीही दुपारी मामांना दोनदा सांगितलं होतं. ते तिथं उन्हाकडे तोंड करून उभे राहिले, डोळ्यांवरचा चष्मा दोन्ही हातांनी धरून. वेष्टीचा काठ पिवळा झाला होता. घड्याळाकडे ते बघत नव्हते.

"जरा बाजूला, मामा" हे तोंडाशी आलं होतं. मी म्हटलं नाही. बटण दाबलं. दुसऱ्यांदा दाबलं तेव्हा सूर्य ढगात गेला आणि सगळं पुन्हा तांबड्या माळावर टाकलेली वाळू झालं.

सहानंतर मी बरेच फोटो काढले, करडे, मेलेले. मामा खुर्चीत बसून होते. त्यांना काप्पी ओतून दिली, ती त्यांनी घेतली.

घरी येऊन मी तो पहिलाच फोटो पाठवला. तासाभरात कंपनीच्या माणसाचा मेसेज आला. उजेड अप्रतिम आहे, असाच हवा होता. फक्त मधला म्हातारा माणूस काढून टाकून पाठवता का, तुम्हाला दहा मिनिटांचं काम.

पाचच मिनिटांचं आहे. मी "नाही" म्हणून कळवलं. बुधवारी पापनाशमला लग्न आहे, त्यासाठी बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या.