सिस्टरांचं नाक

"काका, ती बाटली आधी खाली ठेवा!" सिस्टर दारातूनच कडाडल्या.

काकांचा हात हवेतच थांबला. एरवी चारचौघांत आवाज चढवणारा हा निवृत्त बसड्रायव्हर चोरी पकडल्यासारखा उभा राहिला. "तिचंच अत्तर आहे हो. आवडतं तिला. आज तिची धाकटी बहीण यायचीय, म्हटलं जरा..."

"आवडतं म्हणूनच नको. वासावर वास चढवला की तिसरंच भूत उभं राहतं. आणि पुढे कधीही हे अत्तर हुंगलंत, तर ही खोली आठवेल. जन्मभर. चालेल?"

काकांनी बाटली खिशात टाकली आणि ते स्वयंपाकघरात गेले.

पलंगावर त्यांची बायको होती, शिवणक्लासच्या बाई. अर्ध्या गल्लीच्या मुली त्यांच्या हाताखाली मशीन चालवायला शिकलेल्या. आता छातीतला कॅन्सर कातडी फोडून बाहेर आला होता, आणि आल्यागेल्याला दार उघडायला त्याचा वासच पुढे येई. मागच्या खेपेस धाकटी बहीण उंबऱ्यातूनच रुमाल तोंडाशी धरून मोरीकडे पळाली होती. तिच्या ओकाऱ्या बाईंनी भिंतीपलीकडून ऐकल्या होत्या.

"आज पुन्हा ती मागे सरली ना," बाई म्हणाल्या, "तर तिला सांगा, येऊ नकोस म्हणून. तो चेहरा डोळ्यांपुढे घेऊन मला जायचं नाही."

"बोलू नका. डावा हात जरा वर घ्या बघू."

सिस्टरांनी खिडक्या सताड उघडल्या. जुनी पट्टी ओढली नाही. कोमट सलाइनने भिजवली, आपणहून सुटेपर्यंत वाट पाहिली. अशी जखम घासायची नसते, हलक्या धारेने धुऊन निथळू द्यायची. मग डॉक्टरांनी लिहून दिलेलं मलम, न चिकटणारी जाळी, तिच्यावर वास शोषणारी कोळशाची पट्टी आणि चारी बाजू घट्ट बंद.

"सगळा खेळ कडांचा," त्या पुटपुटल्या.

"आमच्यातही तेच," बाई कण्हतकण्हत हसल्या. "कापड कितीही भारी घ्या, तुरपाई उसवली की गेलं."

काढलेली पट्टी पिशवीत बांधून लगेच घराबाहेर गेली. चादर बदलली. कोळशांची टोपली पलंगाखाली सरकली.

"वास येतो का हो अजून?" बाईंनी विचारलं.

नेमकं हेच सिस्टरांना सांगता येत नव्हतं. कॅन्सरच्या वॉर्डात त्यांची उमेदीची वर्षं गेली आणि तो वास कधीतरी नाकातच राहायला आला. धुतलेल्या टॉवेलात तोच, नातीच्या टाळूवर तोच. गेलेली माणसं तिथे वस्तीलाच उतरली होती जणू. कुणाला सांगायची सोय नव्हती. नाक गेलेल्या नर्सला कोण जखमेला हात लावू देईल? म्हणून त्या आजकाल दुसऱ्यांचे चेहरे हुंगायच्या.

"धाकटी येऊ दे," त्या एवढंच म्हणाल्या.

धाकटी आली. तिचेही केस पांढरे झालेले. उंबऱ्यात थबकली, मुठीत रुमाल होताच. बाईंनी डोळे मिटून घेतले. सिस्टर तिच्या नाकपुड्यांकडे टक लावून उभ्या राहिल्या. एक श्वास. दुसरा. मूठ सैल पडली.

"हे काय गं ताई, उशीला अभ्रा उलटा?"

बाईंनी डोळे उघडले. "तुझ्या भाऊजींची कारागिरी. बस चालवण्यातच हयात गेली त्यांची."

"तरीच कधी सरळ घरी आले नाहीत!" धाकटी हसली. खुर्ची सोडून पलंगावरच टेकली आणि अलगद आडवी होत ताईच्या उजव्या खांद्याशी डोकं ठेवलं. बाईंचा हात वर आला, तिच्या केसांवर विसावला.

सिस्टर बाहेर आल्या. काका चहाचा कप घेऊन उभे होते. डोळे लाल.

"गेला ना हो वास?"

"गेला."

"आलं जरा जास्तच पडलंय चहात. घरभर वास सुटलाय बघा."

सिस्टरांनी कप तोंडाशी नेला. वाफ चेहऱ्यावर आली. त्या वाफेतही तीच खोली होती.

"फक्कड झालाय," त्या म्हणाल्या, आणि चहा गरम होता तरी घाईने पिऊन टाकला.