पाटीला ऊन लागेल!

मित्रांनो, एका छोट्या दवाखान्याच्या गच्चीवर वीस वर्षं सूर्याकडे तोंड करून बसलेली मी एक जुनी सौरपाटी. माझ्यावर कोणी अक्षरं गिरवत नाही. अंगावर ऊन पडलं की मी त्याची वीज करते, एवढंच माझं काम.

मूळची मी वाळू. कारखान्याच्या भट्टीत वाळूतून सिलिकॉन काढलं, त्याच्या पापुद्र्यासारख्या चकत्या कापल्या, त्या एकमेकींना जोडल्या आणि वरून काच बसवली. मला गच्चीवर चढवलं, तेव्हा म्हातारे कंपाउंडर हसले होते. "उन्हावर फ्रीज गार होणार म्हणे! उद्या बर्फावर चहा उकळाल!"

पण फ्रीज गार झाला. त्यात तान्ह्या बाळांच्या लसी असतात. लस फार नाजूक. दोन ते आठ अंशांतच ती टिकते. तारेवरची वीज तिथे पाहुण्यासारखी यायची आणि चहा न घेताच जायची. मी मात्र रोज हजर. पाहुणे आले की सिस्टर त्यांना मुद्दाम गच्चीवर आणून मला दाखवत. पुढे ते कौतुक ओसरलं. धूळ साचली, कबुतरांनी घाण केली, वर्षानुवर्षं कोणी वर फिरकलं नाही.

मग सफाईला नव्या मावशी आल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी मला धुऊन लख्ख केलं. माझ्या तारा तपासायला आलेला वायरमन जाता जाता त्यांना म्हणाला, "फार तापली ना मावशी, की हिची ताकद कमी होते."

मावशींनी ते मनावर घेतलं. कडक उन्हाळा होता. दुसऱ्या दिवसापासून त्या सकाळीच ओली चादर आणून माझ्यावर पांघरायच्या आणि संध्याकाळी काढायच्या. इतकी माया मला कोणी लावली नव्हती. पण सांगायला मला वाचा कुठे होती? मी चादरीखाली अंधारात पडून राहिले.

त्याच आठवड्यात वादळाने तारा तुटल्या. सगळी भिस्त माझ्यावर आली आणि माझी बॅटरी तर रिकामी होत चाललेली. चादरीच्या चौथ्या दिवशी सकाळी सिस्टरनी फ्रीजचा काटा पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. काटा सातावर होता. दुसऱ्या दिवशी लसीकरण. चाळीस बाळं येणार होती, काहींच्या आया अर्धा दिवस चालून.

वायरमनने खालीच बॅटरी तपासली. "पाटी गेली कामातून. वय झालं तिचं. भंगारात काढा."

"वर जाऊन न बघताच?" असं म्हणून सिस्टर जिना चढल्या. तो मागोमाग आला.

मावशी चादर नीट करत होत्या. सिस्टरनी ती ओढली, तशा मावशी धावल्या. "अहो, राहू द्या! पाटीला ऊन लागेल!"

"मावशी, ती उन्हावरच जगते!"

"मग हा का म्हणाला, तापली की ताकद जाते?"

वायरमनने डोकं खाजवलं. "थोडीशी कमी होते, मावशी. म्हणून तर खालून वारा खेळायला जागा ठेवलीय. झाकायचं नसतं हो. माझंच चुकलं, अर्धंच सांगितलं."

"अगं बाई! म्हणजे चार दिवस मी हिला उपाशी ठेवलं?" मावशींचे डोळे भरून आले.

मी मात्र ऊन घटाघटा प्यायले. तासाभरात फ्रीज घरघरू लागला आणि दुपारपर्यंत काटा चारावर आला. दुसऱ्या दिवशी चाळीसही बाळांनी रडून दवाखाना डोक्यावर घेतला. इतकं गोड रडणं मी कधी ऐकलं नव्हतं!

आता माझी ताकद थोडी ओसरली आहे. शेजारी सहा नव्या पाट्या बसल्या आहेत. शाळांच्या छपरांवर, वाळवंटांत, भर समुद्रातल्या बेटांवरही माझ्या बहिणी कामाला लागल्या आहेत. जगात दिवा नसलेली घरं अजून पुष्कळ आहेत, पण सूर्य सगळ्यांच्याच अंगणात येतो. त्याला आत घ्यायचं काम उद्या तुम्हीच करणार आहात.

एकच मागणं आहे, मित्रांनो. आमच्यावरची धूळ पुसा, सावली आली तर दूर करा आणि आम्ही थकलो की उकिरड्यावर टाकू नका. आमची काच, आमची चौकट वितळवून नव्याने वापरता येते. आणि कोणाचीही काळजी घ्याल, तेव्हा आधी एवढं विचारा, की तो कशावर जगतो?