लाँड्रीवरचा पहारा

दादा गेल्यापासून धाकटीला ती लाँड्री फार आठवते. धाकटी म्हणजे आता नातवंडांची आजी. गुडघे कुरकुरतात, पण घरात सगळ्यांनी तिला जन्मभर धाकटीच म्हटलं आणि तिनेही कधी हरकत घेतली नाही. सून इस्त्री करायला लागली की ही हातातलं काम टाकून तिच्यामागे जाऊन उभी राहते. सुनेला वाटतं, सासूबाई चुका काढायला आल्या. काढतेही म्हणा, कॉलर आधी की बाही आधी हे जिला कळत नाही तिच्या हातात इस्त्री द्यावी कुणी? पण खरं तर ती येते वासासाठी. ओलसर सुती कापडावर गरम इस्त्री टेकली की जो वास येतो, त्यात तिचं अख्खं तरुणपण आहे.

लाँड्री बाबांची. पुढे लाकडी काउंटर, मागे जाड घोंगडी अंथरलेलं उंच टेबल आणि छताखालच्या दांड्यांवर टांगलेले सगळ्या वस्तीचे कपडे. बाबांचा एकच खाक्या होता, पावती द्यायची नाही. "कपडाच सांगतो आपला मालक कोण ते," म्हणायचे. कोण कुठल्या खांद्याला पिशवी अडकवतो, कोण जेवताना बाहीला हात पुसतो, सगळं त्यांना ठाऊक. माणसाचं नाव विसरतील, पण कोपराला विरलेलं कापड विसरणार नाहीत. शाळेतले मास्तर तर आत शिरून नुसता हात पुढे करायचे आणि बाबा त्यावर त्यांचा कोट ठेवायचे. एकच कोट होता बिचाऱ्यांना. चुका व्हायच्या नाहीत असं नाही. एकदा वकिलाची विजार दूधवाल्याकडे गेली आणि तो ती आठवडाभर ऐटीत घालून हिंडला. वकिलानेच रस्त्यात थांबवून तिची तारीफ केली, तेव्हा कुठे भानगड उघडकीला आली. असे ते दिवस होते.

दादाला कपड्यांत रस नव्हता, धाकटीला होता. लाँड्री पुढे धाकटीकडेच जाणार हे बाबांनी ठरवून टाकलं होतं. मुलीच्या हाती दुकान म्हटल्यावर नातेवाइकांनी नाकं मुरडली. दादा मात्र खूश. "सुटलो बुवा," म्हणायचा, "तू घास जगाचा मळ, मी आपला मोकळा."

मग दंगल झाली. कशावरून झाली ते आता धाकटीला नीट आठवत नाही. पेटवणाऱ्यांना तरी कुठे आठवत असेल? पलीकडच्या रस्त्यावरचं चपलांचं दुकान भर दुपारी जळालं. पोलिसांना फोन करावा तर कुणी उचलेना. शेजारचे औषधवाले काका काउंटरपाशी आले. कमरेला पिस्तूल.

"आपलं दुकान आपणच राखायचं," ते म्हणाले. "हातावर हात धरून बसलो तर राख गोळा करावी लागेल."

"आत लोकांचे कपडे आहेत," बाबा म्हणाले. "कपड्यांपायी माणूस मारायचा?"

"मारायचं कोण म्हणतंय?" दादा म्हणाला. "नुसती दिसू दे की बंदूक."

"दिसण्यापुरती काढलेली बंदूक एखाद्या वेळी वाजते, बाळा."

"आणि जाळलं तर? तुमचं होईल कसंही. धाकटीनं काय करायचं?"

धाकटीने दादाची बाजू घेतली, आणि आजही घेईल. ज्यांच्या दारापर्यंत आग येत नाही त्यांना शहाणपण फार स्वस्तात सुचतं. आजोबांची शिकारीची दुनळी माळ्यावरून तिनेच काढून दिली. धूळही तिनेच पुसली.

पहाऱ्याचा उपयोग झाला नाही असंही कुणी म्हणू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी काठ्या आणि रॉकेलचे डबे घेतलेलं टोळकं कोपऱ्यावर आलं. काका आणि दादा रस्त्याच्या मधोमध उभे दिसताच ते आल्या पावली परत फिरलं. दादाची छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण तुटेल म्हणून धाकटी त्याला हसली.

घात झाला तो दुपारी. टोळकं परत येतंय, आता लाँड्रीच पेटवणार, अशी आवई मागच्या वस्तीत उठली. ज्याला त्याला आपला एकुलता एक चांगला कपडा आठवला. पावती तर कुणाकडेच नव्हती. दुकान जळाल्यावर मागायचं काय आणि कशाच्या जोरावर? सगळे एकदमच निघाले, धावत, एकमेकांना हाका मारत. दादाला दिसला तो फक्त अंगावर येणारा जमाव. "थांबा!" तो ओरडला. त्या कालव्यात ऐकतंय कोण!

"अरे, आपलीच माणसं आहेत!" बाबा आतून ओरडले आणि त्याच क्षणी बार उडाला.

छर्रे वरून गेले. समोरच्या खिडकीच्या काचा खळकन खाली आल्या. सगळ्यांच्या पुढे मास्तर होते. ते दोन्ही हात वर करून गुडघ्यांवर बसले होते आणि केसांत काचांचा चुरा होता.

"कोट," ते म्हणाले. "माझा कोट तेवढा न्यायला आलो होतो."

कुणाला खरचटलंही नव्हतं. बाबांनी एकेकाला बोलावून कपडे दिले. कधी नव्हे ती त्या दुकानापुढे रांग लागली. दादा बंदूक खाली ठेवायचंच विसरला होता. मास्तरांनी कोट घेतला आणि त्याच्याकडे न बघता निघून गेले.

दंगल विझली. लाँड्रीला ओरखडासुद्धा नाही, पण दांड्या रिकाम्या. धाकटी रोज इस्त्री तापवायची आणि संध्याकाळी गार करून ठेवायची. लोक रस्त्यात भेटत, बाबांची तब्येत विचारत. कपडे मात्र घरीच धूत. दादा घरोघर माफी मागून आला. "अहो, त्यात काय एवढं," म्हणून प्रत्येकाने त्याला पाणी दिलं, पण कपडे कुणी दिले नाहीत. कुणी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. "येतील," बाबा म्हणायचे. "मळ काय थांबतो होय?" मळ थांबला नाही, पण माणसंही आली नाहीत. वर्ष सरता सरता लाँड्री बंद झाली.

धाकटीला त्यातला एकच दिवस सारखा आठवतो. दादा घामाघूम होऊन भलंमोठं गाठोडं घेऊन आला.

"नवं गिऱ्हाईक," तो म्हणाला. "पुलापलीकडचं. मोठं कुटुंब आहे."

तिने गाठ सोडली. पहिल्या सदऱ्याचा उजवा खिसा चाव्यांच्या जुडग्याने फाटलेला. दुसऱ्याचाही. तिसऱ्याचाही. एकाला मुद्दाम चिखल फासलेला, एकावर शाई सांडलेली. तिने वर पाहिलं. दादाच्या अंगात नुसतं बनियन होतं आणि त्यावर बाबांचं जुनं जाकीट, तेही घट्ट होणारं.

तिला रडू फुटलं. ते दिसू नये म्हणून ती घोंगडीवर वाकून पाणी शिंपडत राहिली.

"कधी हवेत म्हणाले?"

"सावकाश. घाई नाही," दादा म्हणाला. "पण नीट कर हं. फार चिकित्सक लोक आहेत."

"बरं," धाकटी म्हणाली. "पुन्हा पाठवा म्हणावं त्यांना."