आभाळातला धोंडा आणि ठकुबाईचा राब

देवळापुढं सारा गाव जमला होता. १९३८ सालच्या त्या फाल्गुनात वेल्ह्याच्या त्या खोऱ्यात एकाही वावरातून धूर निघत नव्हता. भाताचं रोप टाकायचं तर आधी शेणपाला पसरून राब भाजावा लागतो. पण मठातल्या कुंडलिकबाबांनी जाळच बंद केला होता.

"आभाळातनं धोंडा निघालाय! जाळ दिसंल तितं उतरंल! बियाणं मठात आना, तेवडंच वाचंल!"

आभाळातला धोंडा आपला बेत एकट्या बाबांनाच कळवत असे.

ठकुबाईनं कणगी झाडून बियाण्याचं पोतं आणलं होतं. एकटी बाई. हे गेलं तर शेत पडीक आणि वर्षभर चूल थंड. पोत्याची गाठ तिच्या हातून सुटेना.

"ह्यो त्याचाच तुकडा," बाबांनी परातीत काळा दगड ठेवला. "पाप्याचं पानी लागलं की कोपतो. टाक गं!"

तिनं पाणी टाकलं. दगड फसफसला, वाफा निघाल्या. माणसं तिच्यापासून मागं सरली.

तेवढ्यात शाळेचे दीनानाथ गुरुजी पुढं आले. भोरहून आणलेला पांढरा खडा त्यांनी खाली ठेवला. "मावशी, आता ह्याच्यावर टाका."

तोही तसाच फसफसला.

"शाळेच्या भिंतींना लावायची चुनकळी आहे ही, भाजलेला चुना. पाणी पडलं की उकळतेच. हिला पापपुण्य कळत नाही."

ठकुबाईनं कमरेचा कोयता काढून बाबांचा दगड फोडला. वर काजळी, आत पांढराफटक चुना.

"म्हंजी धोंडा न्हाईच म्हन्ता?" बाबा ओरडले.

"आहे ना. सूर्याभोवती फिरतो, आपल्या पृथ्वीसारखाच. दोघांच्या वाटा जवळ येतात. गेल्या दिवाळीआधी तो चंद्राच्याही पलीकडून निघून गेला, वर्तमानपत्रात आलं होतं. तुम्ही कुणी पाहिलात?"

"परत कवा येनार?" ठकुबाईनं विचारलं.

"ते अजून कुणालाच ठाऊक नाही, मावशी. दुर्बिणी लावून शोधतायत. पण तो आपल्या वाटेनं जातो, राब बघून उतरत नाही."

ठकुबाई पोतं घेऊन वावरात गेली आणि भरदुपारी तिनं राब पेटवला. बांधावर उभा गाव श्वास रोखून वर बघत राहिला. धूर चढला. खाली काहीच आलं नाही.

भीती कुणालाही वाटते, त्यात लाज नाही. पण भीती दाखवून कुणी घरातलं बियाणं मागू लागला, तर द्यायच्या आधी एवढं विचारा: बाबा, तुला हे कळलं कसं?