पाऊण मिलिमीटर कमी

आमच्या क्लबात मला सगळे कवळीबाई म्हणतात. दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करण्यात माझी सत्तावीस वर्षं गेली, त्यामुळे नावाला माझी हरकत नाही. हरकत आहे ती ‘छोट्या बोटी करता का? वा, छान विरंगुळा’ म्हणणाऱ्यांना. विरंगुळा पत्ते कुटण्यात असतो. आम्ही इथे मान मोडून काम करतो.

दर रविवारी सकाळी दहाला सायकलच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही जमतो. खोलीला खिडकी एकच, आणि गोंदाचा वास जायला ती पुरत नाही. एक लांब टेबल, चार दिवे, चिमटे, कानशी, आणि कुणाचा ब्रश कुणी पळवला यावरून कायमची कुरकुर. नियम मात्र एकच. प्रत्येक मॉडेलला दुसऱ्याचा हात लागलाच पाहिजे. जे तुला जमत नाही ते ज्याला जमतं तो करणार, तू शेजारी बसून बघणार, आणि पुढच्या वेळी ते तू तिसऱ्याला करून देणार. कुणी एकट्याने सगळं करून आणलं तर आम्ही कौतुक करतो आणि मग विचारतो, ‘म्हणजे यंदा काहीच शिकला नाहीस?’

दोन वर्षं मी एक वाफेची फेरीबोट करत होते, खऱ्या बोटीच्या बरोबर बहात्तराव्या भागाएवढी. नदीच्या या काठावरून त्या काठावर माणसं नेणारी ही बोट कधीच मोडीत निघाली. माझे बाबा एकतीस वर्षं तिच्या तळात उभे राहून बॉयलरमध्ये कोळसा टाकत होते. नदीकाठच्या संग्रहालयात या बोटीचं एक दालन आहे. तिथे कप्तानाची टोपी आहे, शिट्टी आहे, चष्म्याचं घरसुद्धा काचेत ठेवलंय. कोळसा टाकणारा कुठेच नाही. पहिल्यांदा ते दालन पाहिलं तेव्हा माझं डोकं असं फिरलं की तिकीट फाडणाऱ्या बिचाऱ्याशीच मी भांडून आले.

म्हणून माझ्या बोटीची एक बाजू मी उघडी ठेवली. आत बॉयलर, आणि बॉयलरपुढे फावडं उचललेले बाबा, माझ्या करंगळीच्या दीड पेरांएवढे. ते मी कवळीच्या मेणात कोरले. पाच वेळा चुकले. आमच्या क्लबातल्या सिस्टर इस्पितळात पेशंट उचलून उचलून कंबर गमावून बसल्यात, त्यांनी सहाव्या वेळी माझा हात धरला. म्हणाल्या, “वजन हातांत नसतं हो, मागच्या पायावर असतं. टाच दाबून बसवा.” टाच बसवली आणि बाबा उभे राहिले. मला रडू आलं, आणि सिस्टरनी मेणावर पाणी पडेल म्हणून मला ढकललं.

बोटीचा नकाशा एका जुन्या फोटोवरून मास्तरांनी काढला. ते चित्रकला शिकवायचे, आमच्यात वयाने सगळ्यांत मोठे. डेकच्या फळ्याही त्यांच्याच. आणि कडेचा पितळी कठडा केला ड्रायव्हरने. हा गडी दिवसा सिटी बस चालवतो आणि रविवारी छोट्या बसगाड्या करतो. तारेला तार जोडण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही.

त्या वर्षी संग्रहालयाने स्पर्धा ठेवली. पहिलं येणारं मॉडेल कायमचं त्या दालनात राहणार होतं. बाबा त्या दालनात जाणार, एवढंच मला दिसत होतं. फॉर्मच्या तळाशी मात्र एक ओळ होती: ‘मॉडेलचे सर्व काम मी एकट्याने केले आहे.’ खाली सही.

“कर की सही,” दादा म्हणाला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. “सगळेच करतात. बाबांसाठी कर.”

“बाबांसाठी खोटं बोलू?”

“खोटं कसलं? बोट तुझीच आहे ना?”

मी सहीची जागा कोरी ठेवून फॉर्म दिला. खिडकीतल्या माणसाने न बघता शिक्का मारला. मला वाटलं, झालं, टळलं. मी कधी कधी अशी मूर्खासारखी वागते.

स्पर्धेच्या दिवशी आम्ही सगळे हॉलमध्ये होतो, दादाही आला होता. परीक्षक म्हणजे संग्रहालयाचेच एक किडकिडीत गृहस्थ. खिशातून मोजपट्टी काढायचे, मोजायचे, वहीत लिहायचे. माझ्या बोटीपाशी ते वीस मिनिटं होते. मग कठड्यापाशी अडकले. तीनदा मोजला.

“बाकी सगळं बहात्तराला चोख आहे,” ते म्हणाले. “कठडा पंधरा मिलिमीटर हवा. हा चौदाच्या थोडा वर आहे, पाऊण मिलिमीटर कमी. हे शहात्तराचं माप आहे. बसगाड्या करणाऱ्यांचं.”

खरंच होतं. ड्रायव्हर आयुष्यभर शहात्तराव्या भागाच्या बसगाड्या करत आला, त्याच्या बोटांना तेच माप ठाऊक. रोज केसाएवढी फट पकडणारी मी, पण कठडा सगळीकडून सारखाच बुटका, त्यामुळे मलाही कळलं नव्हतं.

परीक्षक फॉर्म बघत होते. “इथे सही राहिलीय तुमची. हे बघा बाई, चूक तुमची असेल तर दोन गुण जातील. तरीही पहिल्या तुम्हीच. कठडा दुसऱ्या कुणाचा असेल तर मात्र बोट बाद. तुमचाच आहे ना?”

माणूस वाईट नव्हता. वाट काढून देत होता.

ड्रायव्हर स्वतःच्या बुटांकडे बघत होता. दादा मान हलवून ‘हो म्हण’ सांगत होता. सिस्टरनी पर्समधून पेन काढून माझ्यापुढे धरलं. आणि मास्तर हळूच म्हणाले, “म्हण तुझा आहे. आमची काही हरकत नाही.”

ड्रायव्हरही म्हणाला, “खरंच हरकत नाही बाई. आमचं कुठे नाव पाहिजे?”

मी पेन घेतलं होतं. खरं सांगते, घेतलं होतं. पण ते ‘हरकत नाही’ माझ्या ओळखीचं होतं. बाबा संध्याकाळी घरी यायचे, हाताला फोड, नखांत काळं, आणि आईला सांगायचे, “आज कप्तानांनी अकरा फेऱ्या मारल्या.” कप्तानांनी. आणि मग हात धुवायला जायचे. त्यांचीही हरकत नव्हती. त्या हरकत नसण्याची मला आयुष्यभर चीड आली, आणि आता मी तीच माझ्या माणसांकडून फुकटात घ्यायला निघाले होते.

“कठडा माझा नाही,” मी म्हणाले. “यांचा आहे. बस चालवतात, म्हणून माप शहात्तराचं. तारेचा एकेक सांधा बघा, दुसरं कुणी करून दाखवावं. नकाशा आणि फळ्या या मास्तरांच्या. खाली जो माणूस उभा आहे त्याची टाच या सिस्टरांची.”

“बाई, अहो, एवढं सगळं सांगायची गरज नाही.”

“आहे. एकतीस वर्षं कुणाला वाटली नाही, मला वाटते.”

एकतीस वर्षं कसली, हे त्यांना कळणं शक्य नव्हतं, पण मी तावात होते.

“मग मला बोट बाद करावी लागेल,” ते म्हणाले. “आणि नियम सोडा, दालनातल्या पाटीवर नाव एकाचंच असतं.”

“बोटीवरही एकाचंच असायचं. म्हणून तर ही केली.”

मी फॉर्म घेतला, त्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि खाली चौघांची नावं लिहिली, प्रत्येकापुढे त्याचं काम. परीक्षकांनी तो वाचला, घडी केली आणि खिशात ठेवला.

आम्ही बोट उचलून बाहेर आणली. हॉलच्या पायऱ्यांशेजारी दोन स्टुलं होती, त्यांच्यावर ठेवली. घरी नेणार नाही म्हणाले मी. लोक आत जायचे तर हिच्यासमोरूनच जाऊ देत.

दादाचं तोंड वाकडं झालं होतं. “याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. बाबा जाणार होते तिथे.”

“खोट्या सहीवर बसून जाणार होते. त्यापेक्षा पायरीवर बरे.”

तो तिकडे तोंड करून बसला. पण बसला, गेला नाही.

ड्रायव्हर खालच्या आवाजात म्हणाला, “आठवड्यात नवा करून देतो बाई. पंधराचा.”

“काही नको. चांगला आहे तो.”

“चुकलाय पण.”

“चुकलाय, पण तुमचा आहे. राहू दे.”

येणारेजाणारे थांबत होते, वाकून बघत होते. मास्तर फळ्या कशा रंगवल्या ते सांगत होते, कुणी विचारलं नव्हतं तरी. सिस्टर एका बाईला टाच दाबून उभं राहायला लावत होत्या.

दुपारी सुट्टीत परीक्षक बाहेर आले, हातात चहाचा कप. मला वाटलं, इथूनही हलवायला आले. मी उठून उभी राहिले. पण ते सरळ ड्रायव्हरपाशी गेले आणि उकिडवे बसले.

“सांध्यावर सोल्डरचा थेंबही दिसत नाही. कसं करता?”

“आधी तार तापवायची, सोल्डर नाही,” ड्रायव्हर म्हणाला. “तार तापली की ते आपण होऊन आत जातं. हात द्या, दाखवतो.”

त्यांनी कप खाली ठेवला आणि हात दिला. एवढा वेळ ड्रायव्हर त्यांना तार कशी धरायची ते शिकवत होता की चहा गार झाला. उठताना त्यांची नजर बोटीच्या उघड्या बाजूला गेली. ते पुन्हा खाली बसले. या वेळी मोजपट्टी त्यांनी काढली नाही.

“हे खाली कोण उभे आहेत?”

“सकाळी वीस मिनिटं मोजलंत,” मी म्हणाले. “तेव्हा नाही विचारलंत.”

“आता विचारतोय.”

दादाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

“आमचे वडील,” मी म्हणाले. “ही बोट ते चालवायचे.”