बाउरसाकांची कढई

मित्रांनो, मी एक जुनी बिडाची कढई आहे. साच्यातून निघाले ती थेट या कझाक गावात, ओराझकुलच्या अंगणातल्या चुलीवर येऊन बसले. तिने माझ्यात काय काय शिजवले, पण माझा जीव रमे तो बाउरसाक तळताना. आंबवलेल्या कणकेचे ते गोळे तेलात टम्म फुगत, आणि तिची दोन पोरे, थोरला टोलेगेन आणि धाकटा मिर्झाबेक, माझ्याभोवती घुटमळत.

"आई, याला बाउरसाक का म्हणतात गं?" धाकट्याने एकदा विचारले.

"बाउर म्हणजे काळीज. एका रक्ताच्या माणसांनाही आपण बाउरच म्हणतो. त्यावरूनच पडलं असणार नाव. बघ ना, तेलात पडले की कसे बिलगतात एकमेकांना!"

असे बिलगलेले गोळे ती कधी सोडवत नसे. ते दोघा भावांनी मिळून मोडायचे.

पुढे ओराझकुल गेली. तिची घोडी कोणी ठेवायची यावरून भावांचे बिनसले. घराला घर लागून, पण बोलणे बंद. मी गोठ्यात पालथी पडले. गंज चढला, कोंबड्या पाठीवर बसू लागल्या. फार वाईट वाटायचे मला.

आमच्याकडे गेलेल्या माणसासाठी काहीतरी तळतात. त्या तेलाचा वास त्याच्यापर्यंत पोहोचतो. आईच्या वर्षाच्या दिवशी मिर्झाबेकने बाउरसाक घरातच तळायला सांगितले, तेही खिडक्या लावून. वास भावाकडे जायला नको होता.

त्याची बायको जानिल भडकली. "अहो, डोकं ठिकाणावर आहे का? भाऊजींना वास नको म्हणून आईंनाही उपाशी ठेवणार?"

मिर्झाबेक उठला. त्याने मला गोठ्यातून उचलून अंगणात आणले. जानिलने वाळूने घासून मला लख्ख केले. चूल पेटली, तेल तापले, वास कुंपणापलीकडे गेला.

थोड्या वेळाने फाटक वाजले. टोलेगेन उभा होता.

"तुझ्याकडे नाही आलो. आईच्या नावाचा वास आला, म्हणून आलो."

"मग आत ये की दादा. दारात उभा राहून आईला काय दाखवतोस?"

मिर्झाबेकने झाऱ्याने दोन बिलगलेले बाउरसाक काढून पुढे धरले. एक बाजू त्याने धरली, दुसरी टोलेगेनने. मोडताना दोघांचीही बोटे पोळली आणि दोघे एकदमच ओरडले, "आई गं!"

मित्रांनो, तुमच्याकडेही एखादी कढई पालथी पडली असेल. तिला घासा, तेलाचा हात लावा, चुलीवर ठेवा. आणि तळताना खिडकी तेवढी उघडी असू द्या.